चर्चा हाये, थांबा

वऱ्हाडात लग्नाची पंगत चुकवता येते, नेत्याच्या सभेतून मागच्या मागे सटकता येतं. पण पडदेभाऊंच्या कार्यक्रमाला एकदा बसलेला माणूस त्यांच्या मर्जीशिवाय घरी जात नाही. माहितीपट संपतो, पडद्यावर नावं वर सरकू लागतात, अंधारात पाय चपला शोधू लागतात, तेवढ्यात पडदेभाऊ दाराच्या चौकटीत दोन्ही हात पसरून उभे. "चर्चा हाये, थांबा." एकदा एक जण काकुळतीनं म्हणाला, "भाऊ, लघवीले जायचं हाये." भाऊंनी त्याला सोडलं, पण त्याची पिशवी ठेवून घेतली.

पडदेभाऊ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नाही. खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण एकाचं सांगितलं तर अमरावतीतले दोघं आणि अकोल्यातले तिघं "मंग आम्ही काय गोट्या खेळून रायलो होतो?" म्हणून रुसतील. सामाजिक न्याय आणि पर्यावरण या विषयांवरचे माहितीपट गावोगाव फुकट दाखवत फिरणाऱ्यांची ही जातकुळीच आहे, आणि ती वाटते तितकी दुर्मिळ नाही. आमचे पडदेभाऊ अमरावतीच्या गाडगेनगरात राहतात. मूळ गाव दर्यापूरकडचं, लेक अकोल्याला दिलेली. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांवर ते सारखाच हक्क सांगतात. ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवण्यात सारी नोकरी गेली. पूर्णेच्या खोऱ्यात विहीर खणली की खारं पाणी लागतं, हे पुस्तकात वाचायच्या आधी ते गडव्यातून प्यायले होते. त्यामुळे विषयाची कळकळ अस्सल. फक्त तास वेळेवर संपवायची सवय नोकरीतही लागली नाही, ती निवृत्तीनंतर कुठून लागणार?

सरंजाम पाहण्यासारखा आहे. प्रोजेक्टर एका कोचिंग क्लासनं भंगारात काढलेला. त्यात हिरवा रंग अंमळ जास्त येतो, म्हणून दुष्काळावरच्या माहितीपटातही पीकपाणी बरं दिसतं. पडदा म्हणजे भाऊंच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, दोन पांढऱ्या चादरी आडव्या जोडून शिवलेल्या. ती शिवण नेमकी माणसाच्या नाकाच्या उंचीवर येते. या देशातली जेवढी म्हणून आंदोलनं अमरावतीकरांनी पडद्यावर पाहिली, तेवढ्या सगळ्यांच्या नाकावरून एक दोरा गेलेला आहे. भाऊंच्या खिशात चार पेनड्राइव्ह असतात. त्यातला एक रिकामा, आणि पहिल्यांदा हाताला लागतो तो तोच. बडनेऱ्याहून अकोल्याला रेल्वेनं जाताना प्रोजेक्टरची पिशवी ते बाळंतिणीनं पोर घ्यावं तशी मांडीवर घेऊन बसतात. शेजारच्यानं "काय हाये?" असं विचारायची खोटी, मूर्तिजापूर येईपर्यंत त्याला धरणग्रस्तांचा प्रश्न पाठ झालेला असतो. एका प्रवाशाला अकोल्याला उतरायचं होतं. तो मूर्तिजापूरलाच उतरला.

या नादाचं मूळ फार मागं आहे. पूर्वी टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची रीळ दाखवणं सक्तीचं होतं. १९४८ साली निघालेल्या या सरकारी खात्यानं साऱ्या देशाला धरणं, पूर आणि फीत कापणारे मंत्री दाखवले, आणि साऱ्या देशानं तेवढ्या वेळात बाहेर उभं राहून बिडी ओढली. शाळकरी पडदेभाऊ मात्र आत बसून राहायचे. मंत्र्यानं धरणाची कळ दाबली, पाणी फेसाळत सुटलं, हे ठीक. पण त्या पाण्याखाली जी गावं गेली त्यातली माणसं कुठं गेली, असा प्रश्न त्यांना पडायचा. तो कोणाला विचारावा म्हणून ते इकडंतिकडं बघेपर्यंत दिवे मालवायचे आणि हिरो घोड्यावर बसून यायचा. चर्चा राहून जायची. भाऊंच्या मते ती अजून बाकी आहे, आणि वसुली आपल्याकडून चालू आहे.

पुढे २००४ साल आलं. मुंबईत १९९० पासून माहितीपटांचा सरकारी महोत्सव भरतो. त्या वर्षी भारतीय माहितीपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं अशी अट निघाली. बोंब झाली तेव्हा ती मागं घेतली, पण निवडीत बरेच टोचणारे माहितीपट गळाले. तेव्हा माहितीपटवाल्यांनी चिडून त्याच सुमारास 'विकल्प' नावाचा स्वतःचा महोत्सव भरवला. पडदेभाऊ भाच्याच्या साखरपुड्यासाठी मुंबईला गेले होते. ते चुकून तिकडं शिरले, ते साखरपुडा आटोपल्यावर बाहेर आले, हातात सीड्यांची पिशवी घेऊन. भाच्याच्या सासुरवाडीत अजून वाद आहे, की मामा आले होते की नाही.

भाऊंच्या कार्यक्रमाचा एक ठरलेला क्रम असतो. आधी झाडू. समाजमंदिर असो, शाळेची खोली असो, भाऊ आल्याबरोबर स्वतः झाडायला घेतात. गाडगेबाबांच्या समाधीच्या शेजारी राहिल्याचा हा गुण. बाबा गाव झाडून मगच कीर्तनाला उभे राहत आणि कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत, हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. भाऊ म्हणतात, "मी तेच करतो. फक्त मधात पिक्चर टाकतो." मग 'थोडक्यात प्रास्ताविक'. नर्मदेवरच्या माहितीपटाचं थोडक्यात प्रास्ताविक त्यांनी दख्खनच्या पठाराच्या लाव्ह्यापासून सुरू केलं होतं. नदी उगम पावेपर्यंत पुढच्या रांगेतली दोन पोट्टी झोपली होती, आणि माहितीपट संपला तेव्हा तीच काय ती ताजीतवानी होती. नंतर माहितीपट. मग चर्चा. आणि सर्वांत शेवटी आलुबोंडा किंवा गिलावडा, तोही दाराबाहेर झाकून ठेवलेला, वास आत येईल इतक्याच अंतरावर. न्यायाची भूक आणि पोटाची भूक यांची सांगड घालण्याचा याहून यशस्वी प्रयोग मी पाहिलेला नाही.

निवड मात्र जाणत्याची असते. आनंद पटवर्धनांचे 'हमारा शहर' आणि 'जय भीम कॉम्रेड', स्टॅलिन के. यांचा अस्पृश्यतेवरचा 'इंडिया अनटच्ड', अतुल पेठ्यांचा सफाई कामगारांवरचा 'कचराकोंडी'. गर्दी जमत नाही असं दिसलं की भाऊ 'सुपरमेन ऑफ मालेगाव' काढतात. यंत्रमागाच्या गावात पोरांनी जमेल त्या सामानात सुपरमॅनचा सिनेमा कसा काढला, त्याची ती गोष्ट. हसून हसून लोक लोळतात. भाऊ दाराशी थांबून विचारतात, "हासले ना? आता सांगा, यंत्रमाग कामगाराची मजुरी किती?"

'राम के नाम' दाखवायचा होता तेव्हा एक हवालदार आला. "परवानगी?" भाऊ या क्षणाची वाट पाहतच जगत असतात. त्यांनी फाइल उघडली: हे सेन्सॉरचं 'यू' प्रमाणपत्र, हा राष्ट्रीय पुरस्कार, हा कोर्टाचा आदेश, ज्याच्यामुळं दूरदर्शनला हा माहितीपट दाखवावा लागला. हवालदारानं कागद उलटेपालटे करून पाहिले आणि खुर्ची ओढली. "अहवाल लिहा लागते. पुरा पाहू द्या." तो शेवटपर्यंत बसला. चर्चेलाही बसला, कारण दारात भाऊ होते. जाताना हळूच म्हणाला, "सर, पेनड्राइव्हवर देता का? घरी पोट्टे हायेत." भाऊंनी दिला. रिकामा निघाला.

पण पडदेभाऊंना नुसतं हसून सोडता येत नाही, आणि त्याचं कारण खेड्यातल्या कार्यक्रमात दिसतं.

कापसाच्या या मुलखात कॅमेरा काही नवा नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन गेले, विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हापासून तर कॅमेऱ्यांची रीघच लागली. २००९ मध्ये दीपा भाटियांचा 'नीरोज गेस्ट्स' आला, पत्रकार पी. साईनाथांबरोबर विदर्भातल्या घराघरांत जाणारा. २०११ मध्ये 'कॉटन फॉर माय श्राउड' आणि 'बिटर सीड्स' आले. देशोदेशीच्या महोत्सवांत लोक ते पाहून हळहळले, बक्षिसं मिळाली. ज्यांच्या ओसरीवर हे सगळं टिपलं गेलं, त्यांच्यातल्या किती जणांनी ते पाहिलं? आमच्या भागात तरी ज्यांनी पाहिलं त्यांनी ते या शिवणीच्या चादरीवरच पाहिलं.

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात 'नीरोज गेस्ट्स' लावला होता. पहिल्या दहा मिनिटांत मागून आवाज आला, "भाऊ, जरा मागं घ्या." घेतलं. "थांबवा. ही पऱ्हाटी कोणतं वाण हाये?" दुसरा म्हणाला, "पीक तं हिरवंगार दिसून रायलं राजा, मंग हा रडून काहून रायला?" भाऊंना प्रोजेक्टरचा दोष समजावून सांगावा लागला. मग पुढं कोणी थांबवलं नाही. साईनाथ नेहमी एक हिशेब सांगत: मुंबईच्या फॅशन वीकला ५१२ पत्रकार, आणि त्याच सुमारास विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांसाठी बाहेरून आलेले सहा. माहितीपट संपल्यावर भाऊंनी मोजदाद केली आणि सभेला धीर दिला: "सहापेक्षा तं आपण जास्तच हाओत. अकरा हाओत." हसू पिकलं. मग एक म्हातारी उठली. पदर सावरून म्हणाली, "माह्या घरी चार डाव कॅमेरेवाले येऊन गेले. सारे इचारत, कसं वाटते, कसं वाटते. दाखवाले कोणी आलं नाही. तू आला." एवढं बोलून ती खाली बसली. भाऊंचं आभारप्रदर्शन त्या दिवशी दोन वाक्यांत आटोपलं. एवढं छोटं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, पुढंही नाही.

मेळघाटातून उठवून अकोट तालुक्यात वसवलेल्या एका कोरकू गावात तर निराळाच प्रकार घडला. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. १९७३-७४ मध्ये तो झाला आणि पुढं गाभ्यातली गावं बाहेर निघाली. भाऊंनी वाघांवरचा एक सुंदर माहितीपट आणला होता. निवेदकाचा आवाज घनगंभीर. पडद्यावर जंगल, धुकं, वाघीण, आणि निवेदक म्हणतो, हे निर्मनुष्य अरण्य. प्रेक्षकांत खसखस पिकली. निवेदक जसजसा गंभीर होई तसतसं लोक जास्तच हसू लागले. एक म्हातारा उठून पडद्याजवळ गेला आणि वाघिणीच्या पाठीमागं बोट ठेवून म्हणाला, "साहेब, वो आम का झाड हमारा है. उसके बाजू में गोठा था." मग दुसऱ्यानं नाला ओळखला, तिसरीनं पाणवठा. वाघिणीकडं कोणी बघेना. त्या रात्री चर्चेसाठी दार अडवावं लागलं नाही. चर्चा माहितीपट चालू असतानाच सुरू झाली आणि भाऊंना झोप येऊ लागली तरी लोक उठेनात. शेवटी भाऊंनाच विचारावं लागलं, "आता जाऊ का मी?"

शहरातले कार्यक्रम इतके फळत नाहीत. अकोल्याच्या मोर्णा नदीची सफाई २०१८ च्या जानेवारीत लोकांनी हाती घेतली, 'मन की बात'मध्ये तिचा उल्लेख झाला, तेव्हा भाऊंना जोर चढला. नद्यांच्या प्रदूषणावरचा माहितीपट त्यांनी नंतर थेट मोर्णेच्या काठावर लावला. विषय पडद्यावर पोहोचण्याआधीच डासांच्या रूपानं प्रेक्षकांत पोहोचला. लोक टाळ्या वाजवताहेत असं भाऊंना दुरून वाटलं आणि ते सुखावले. हवामानबदलावरचा माहितीपट मे महिन्यात, पत्र्याच्या हॉलमध्ये, दुपारी चारला लावणं हेही त्यांनाच सुचू शकतं. पारा पंचेचाळिसाच्या वर. पडद्यावर ध्रुवावरचा बर्फ वितळत होता आणि हॉलमध्ये बसलेल्यांपैकी एकालाही त्याचं वाईट वाटत नव्हतं. सगळ्यांना तो बर्फ हवा होता.

दोन शहरांच्या चर्चेतही फरक आहे, आणि हे मी अमरावतीचा असूनही निःपक्षपातीपणे सांगतो. अमरावती हे विभागाचं ठिकाण, कॉलेजांचं गाव. इथं प्रश्न विचारायला उठलेला माणूस प्रश्न विचारत नाही. "माझा प्रश्न नाही, एक छोटंसं निवेदन आहे," अशी सुरुवात झाली की मागच्या रांगेत कोणीतरी मोबाइल काढतो. निवेदनाला उत्तर म्हणून दुसरं निवेदन येतं. पर्यावरणवाला म्हणतो, झाडाबद्दल कोणी बोललंच नाही. कामगारवाला म्हणतो, झाड तोडणाऱ्याच्या मजुरीबद्दल कोणी बोललंच नाही. एक गृहस्थ प्रत्येक माहितीपटानंतर स्वतःची तीच कविता वाचतात, आणि खरं सांगायचं तर ती प्रत्येक विषयाला लागू पडते. अकोला पडलं कापसाचं आणि डाळमिलांचं गाव. तिथला माणूस उठून सरळ विचारतो, "या पिक्चरले खर्च किती आला? वसूल कसा झाला?" वसूल झालाच नाही असं कळलं, की त्याला माहितीपटवाल्याबद्दल पहिल्यांदा खरी सहानुभूती वाटते. मला विचाराल तर समजूतदार चर्चा अकोल्याची.

आणि यात एक गंमत आहे, जी काकूंशिवाय कोणाला फारशी ठाऊक नाही. पडदेभाऊंनी यातला एकही माहितीपट धड पाहिलेला नाही. ते कसे पाहणार? माहितीपट चालू असताना एक पाय एक्स्टेन्शन बोर्डावर, कारण तो दाबून धरला नाही की प्लग निसटतो. एक डोळा लॅपटॉपवर, कारण त्याला ऐन वेळी अपडेटची आठवण येते. अप्पर वर्धा धरणाचं पाणी वीजप्रकल्पाला देण्याच्या वादावर एक ध्वनिचित्रफीत दाखवत असताना नेमकी वीज गेली. लोक हसत होते आणि भाऊ अंधारात फ्यूज चाचपत होते. 'जय भीम कॉम्रेड' चांगला तीन तासांचा. भाऊंनी पाहिली ती सुरुवात आणि शेवटची नावं. तरी चर्चेत ते हिरिरीनं बोलतात, कारण दर वेळी लोक जे बोलतात ते त्यांनी नीट ऐकलेलं असतं. काकूंना विचारलं, तुम्ही येत नाही का? म्हणाल्या, "माह्या चादरी जातात ना. तेवढं पुरे झालं."

बिछायतवाल्याचं या सगळ्यातलं स्थान वेगळं आहे. खुर्च्या त्याच्या. पन्नास सांगितल्या की तो वीसच आणतो. अनुभवानं शहाणा झालाय. भाडं मागितलं की भाऊ म्हणतात, "अरे, हा तं लोकांचा कार्यक्रम हाये." तो म्हणतो, "लोक कुठी हायेत?" असा त्यांचा सनातन संवाद. पण तो मागच्या खुर्चीवर बसून प्रत्येक माहितीपट अथपासून इतिपर्यंत पाहतो, कारण खुर्च्या मोजून न्यायच्या असतात. अमरावती जिल्ह्यात माहितीपटांचा एवढा व्यासंग असलेला दुसरा माणूस नसेल. त्याला अजून कोणी चर्चेत बोलावलेलं नाही.

यंदा जर्नालिझमच्या एका विद्यार्थिनीनं प्रकल्प म्हणून पडदेभाऊंवरच वीस मिनिटांचा माहितीपट केला. साहजिकच तो त्यांच्याच चादरीवर, त्यांच्याच प्रोजेक्टरवरून दाखवायचा ठरला. भाऊंनी हॉल झाडला, स्वतःवरच्या माहितीपटाचं स्वतःच थोडक्यात प्रास्ताविक केलं, आणि कोणी कितीही म्हटलं तरी पुढच्या रांगेत न बसता बोर्डावर पाय ठेवून उभे राहिले. पडद्यावरचे हिरवट भाऊ, नाकावर शिवण, दार अडवून उभे. आणि खरे भाऊ प्लगकडं बघत. दिवे लागले. टाळ्या झाल्या. पोरगी लाजत पुढं आली. भाऊ सवयीनं दाराकडं धावले, हात पसरले, आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"बाकी चांगलं केलं बेटा. पण दिग्दर्शकानं यात एकच बाजू दाखवली. दुसरी बाजू काहून आली नाही?"

पोरगी गोंधळली. तिला काही सुचेना. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून बिछायतवाला उठला. खिशातून चोपडी काढली, थुंकी लावून पान उलटलं, आणि म्हणाला, "दुसरी बाजू मी सांगतो, भाऊ. बसा तुम्ही. चर्चा हाये."